मदत हवी आहे: 'लोक काय म्हणतील' हे प्रश्नावलीत मोजायचं कसं?

नमस्कार मंडळी. मुलींचं शिक्षण आणि घरातल्या बायकांचं आरोग्य यावर एक छोटी पाहणी करतेय, आणि गाडी प्रश्नावलीवरच अडलीय.

"मुलींनी शिकावं का?" विचारलं की सगळे हो म्हणतात. पण मी बसलेली असतानाच घरात पाहुणे आले, तर मुलगी वही मिटून आत गेली. भाऊ जागचा हलला नाही. एका बाईंच्या रिपोर्टात हिमोग्लोबिन ८ होतं. (गरोदर नसलेल्या स्त्रीचं १२ च्या खाली गेलं की रक्तक्षय धरतात.) त्या म्हणाल्या, "थकवा काय, बायकांना असायचाच." हे माझ्या कुठल्या रकान्यात बसवू?

माझ्या वाचनाप्रमाणे तीन गोष्टी वेगळ्या विचारायच्या असतात: स्वतःचं मत, इतर काय करतात असं वाटतं, आणि इतरांची आपल्याकडून काय अपेक्षा आहे असं वाटतं. कागदावर सोपं आहे. प्रत्यक्षात दुसऱ्या-तिसऱ्या प्रश्नाला लोक गोंधळतात, "आत्ताच सांगितलं की!" म्हणतात. गंमत म्हणजे "माझं काही नाही हो, पण चार लोक..." असं ते चारही जण म्हणतात!

कुणी थेट प्रश्नांऐवजी काल्पनिक मुलीची गोष्ट सांगून विचारलंय का? गोष्ट किती लांब ठेवली? सासू-सून एकाच खोलीत असतील तर काय करता? आणि पुरुषांना त्यांच्याच दुखण्याबद्दल बोलतं कसं करायचं? ते तर "आपल्याला काय होतंय" म्हणून विषयच संपवतात.

नमुना प्रश्न असतील तर कृपया इथेच टाका.