थ्रिलरची पहिली दोन मिनिटं: तुमच्या टेस्ट शूटचे किस्से येऊ देत

खरी_कॉर्नरवाला
काल भाची आली आणि जुन्या कॅलेंडरच्या पाठकोऱ्या पानांवर चौकोन आखत बसली. "मामा, कॉलेजात थ्रिलरची सुरुवात करायची आहे, दोन मिनिटांची. हा स्टोरीबोर्ड." चौदा चौकोन, काड्यांची माणसं. तिसऱ्या चौकोनात पायरीवर एक चप्पल. नुसती चप्पल. बघून पोटात हललं, कारण 2008 साली कोल्हापुरात पंचगंगेच्या घाटावर आमचीही सुरुवात चपलेनंच झाली होती.

आम्ही कागदावर काही म्हणता काही केलं नव्हतं. भाड्याचा हँडीकॅम, तासाभराची एक मिनी डीव्ही कॅसेट आणि "तिथं गेल्यावर बघू". पहाटे साडेपाचला घाट गाठला. धुकं एक नंबर. हिरो पळाला, मागनं काळ्या जर्किनातला पळाला. घरी टीव्हीला वायर जोडून बघतोय तर हिरो डावीकडनं उजवीकडं पळतोय आणि मागचा उजवीकडनं डावीकडं! एक शॉट नदीच्या बाजूनं घेतलेला, दुसरा देवळांच्या बाजूनं. पाठलाग कुठला, दोघं एकमेकांची गळाभेट घ्यायला निघालेत असं वाटत होतं. 180 अंशाची रेषा ओलांडायची नसते, म्हणजे पळणाऱ्यांच्या वाटेच्या एकाच बाजूला कॅमेरा ठेवायचा, हे तेव्हा सरांकडनं कळलं. नशीब, टेस्टच होती.

तुमचं काय काय फसलं सांगा. भाचीला वाचायला देणार आहे.

कट_जास्त_पाव_कमी
रक्त म्हणून आम्ही तांबडा रस्सा वापरला. लाइट लावल्यावर तर्री वर आली आणि रक्त चमकायला लागलं. त्यात गल्लीतली दोन कुत्री प्रेताला चाटायला आली, प्रेत हसलं. आणि दिग्दर्शक "कट" ओरडला की सगळ्यांना मिसळीचीच आठवण.

शाहूपुरी३री
@कट_जास्त 😂😂 प्रेत हसलं

ट्यूबलाइट
घाईत लिहितोय, कुकर लावलाय. आमचा खून वसतिगृहाच्या खोलीत. टेस्ट बघितली तर भिंतीवर काळे पट्टे वर सरकताहेत. भूत म्हणून पोरं खूश! सरांनी आनंदावर पाणी ओतलं. आपली वीज 50 हर्ट्झची, ट्यूब सेकंदाला 100 वेळा लुकलुकते, आणि आमचा शटर (प्रत्येक फ्रेमला किती वेळ उजेड घ्यायचा ते) भलत्याच आकड्यावर. सेकंदाला 25 फ्रेम, तर शटर 1/50 सेकंद केला, पट्टे गायब. भाचीला सांगा, मोबाइलवर घेणार असेल तर ऑटोवर सोडू नको. फोकस पण लॉक कर, अंधारात तो फोकस शोधतच बसतो. तिसरी शिट्टी. आलो.

मंगळवारपेठी
बोळात टेस्ट चालली होती. तोंडाला रुमाल बांधलेला खुनी, हातात पुठ्ठ्याचा सुरा. कॅमेरा लांब गॅलरीत, त्यामुळं कुणाला दिसेना. मंडळाच्या पोरांनी खुन्याला धरला की ओ! दोन बसल्या. "शूटिंग आहे" म्हणतोय तर "सगळे असंच म्हणतात". शेवटी तालमीतल्या वस्तादांनी सोडवला आणि चहा पाजला. तेव्हापासनं गल्लीत आधी सांगायचं, पोलीस चौकीत अर्ज द्यायचा, मगच सुरा काढायचा.

रंकाळा_संध्याकाळ
मी आवाजाचं काम करत होते. आमच्या सुरुवातीत संवाद नव्हताच, फक्त श्वास आणि पावलं. गावाबाहेरचा रस्ता, डिसेंबरची रात्र, निवांत जागा म्हणून निवडलेली. जागा बघायला गेलो होतो दुपारी! रात्री उसाचे ट्रॅक्टर सुरू. एकामागनं एक, दोन-दोन ट्रॉल्या आणि डेक फुल्ल. मुलगी भेदरून मागं बघते आणि मागं लावणी. ज्या वेळेला शूट असेल त्याच वेळेला जाऊन पाच मिनिटं डोळे मिटून उभं राहायचं, हे तेव्हापासनं. पावलं मग घरी गच्चीवर केली, परातीत वाळू घालून. आई अजून ती परात शोधते.

जर्किन_माझंच_होतं
@खरी_कॉर्नरवाला भावा, ते काळं जर्किन परत कधी देतोस? 2008 पासनं वाट बघायलोय.

खरी_कॉर्नरवाला
@जर्किन_माझंच_होतं आईनं बोहारणीला दिलं रे. पातेलं आलं त्याचं. पातेलं देतो.

पन्हाळकर
रात्र दिवसा घ्या, सोपं पडतं. व्हाइट बॅलन्स (कॅमेऱ्याचं रंगाचं सेटिंग) पिवळ्या बल्बचा ठेवायचा म्हणजे चित्र निळं येतं, एक्स्पोजर दोन स्टॉप खाली, म्हणजे उजेड पाव करायचा, आणि आभाळ फ्रेममध्ये घ्यायचं नाही. आम्ही घेतलं. पन्हाळ्यावर "मध्यरात्री" मागं ढग आणि एक पतंग.

शाहूपुरी३री
अवांतर: आयडीवरनं आठवलं. खरी कॉर्नरच्या कॅमेरा स्तंभाजवळनं रोज क्लासला जायचो, पण मूकपटाच्या काळातले दिग्दर्शक बाबूराव पेंटर यांनी स्वतःचा कॅमेरा इथंच कोल्हापुरात बनवला हे बारावीनंतर कळलं. प्रभात फिल्म कंपनीही 1929 साली इथंच सुरू झालेली, पुण्याला गेली ती 1933 मध्ये.

ट्यूबलाइट
@शाहूपुरी३री पुणेकर आले की हा धागा शंभरी गाठतोय बघ.

खरी_कॉर्नरवाला
भाचीनं सगळं वाचलं. मंगळवारपेठीचा किस्सा दोनदा. आज सकाळी मोबाइल घेऊन घाटावर गेली, नुसती चप्पल शूट करून आली. पाच उंचीवरनं पाच शॉट. सगळ्यात खालचा, पायरीला मोबाइल टेकवून घेतलेला, बघताना खरंच थरकलो. चप्पल कोल्हापुरी, नवीकोरी, करकर वाजणारी. आवाजही वेगळा घेतलाय. फक्त ती आईची होती, आणि आता डावी सापडत नाहीये.

रंकाळा_संध्याकाळ
डावी नदीत गेली का?

कट_जास्त_पाव_कमी
कुत्र्याला विचारा.