विजयदिनाची सुट्टी: हरलेल्या बाजूला तो दिवस कसा दिसतो?

पाटीपेन्सिल

मी नववीला इतिहास शिकवते. वर्गात दर महिन्याला भिंतीवर एक तक्ता लागतो आणि त्याचा विषय मुलंच निवडतात. या महिन्याचा विषय आहे 'लढाई जिंकली म्हणून सुट्टी देणारे देश'. जगाचा मोठा नकाशा घेऊन टाचण्या लावायला सुरुवात केली आहे. आतापर्यंत जमलेले दिवस असे: रशियाचा 9 मे, तुर्कस्तानचा 30 ऑगस्ट (1922, दुम्लुपिनार), बांगलादेशचा 16 डिसेंबर, कोलंबियाचा 7 ऑगस्ट (1819, बोयाका) आणि इक्वाडोरचा 24 मे (1822, पिचिंचा). मेक्सिकोचा 5 मे घ्यावा की नाही, ते ठरत नाही.

पण खरी अडले ते दुसरीकडेच. मागच्या बाकावरची एक मुलगी, एरवी तोंडातून शब्द न काढणारी, उठून म्हणाली, "बाई, जे हरले त्यांच्याकडे त्या दिवशी काय असतं?" उद्या सांगते म्हटलं, त्याला आता आठवडा झाला. कुणाला नीट माहीत असेल तर सांगा. तिला मोघम उत्तर द्यायचं नाही मला.

दुर्बीण

बाई, आधी मेक्सिकोचं. 5 मे 1862 ला पुएब्ला इथे जनरल इग्नासिओ सारागोसाच्या फौजेने फ्रेंचांना मागे रेटलं हे खरं. पण मेक्सिकोत ती देशभराची सक्तीची सार्वजनिक सुट्टी नाही. त्या दिवसाचा गाजावाजा अमेरिकेत जास्त होतो. शिवाय पुढच्याच वर्षी फ्रेंचांनी पुएब्ला घेतलं, त्यामुळे त्या विजयाने युद्ध संपलं असंही नाही. टाचणी लावायचीच तर वेगळ्या रंगाची लावा.

एक मात्र विसरू नका, इथिओपियाने अडवा या ठिकाणी मिळवलेला विजय. सम्राट दुसरा मेनेलिक आणि सम्राज्ञी तायतू यांच्या फौजेने 1896 साली इटलीच्या सैन्याचा पुरता पराभव केला. भांडण सुरू झालं होतं एका वाक्यावरून. 1889 च्या वुचाले तहाचं सतरावं कलम अम्हारिक प्रतीत म्हणत होतं की परदेशांशी व्यवहार करताना इथिओपिया इटलीची मदत घेऊ शकतो. इटालियन प्रतीत होतं की घ्यावीच लागेल. एका क्रियापदाने देश मांडलिक होणार होता! मुलांना हे जरूर सांगा, भाषेच्या तासालाही उपयोगी पडेल.

तारखेचा घोळ होऊ नये म्हणून: लढाई 1 मार्चची आणि सुट्टी साधारणपणे 2 मार्चला असते. इथिओपियाच्या पंचांगात तो दिवस कायम येकातित महिन्याचा 23 वाच आहे. पण आपण वापरतो त्या दिनदर्शिकेत 1900 हे लीप वर्ष धरलं नाही, त्यांच्यात तो दिवस धरला गेला. तेव्हापासून दोन्हींत एका दिवसाचा फरक वाढला.

नांगर

ताई, तुमच्या विद्यार्थिनीला द्यायला माझ्याकडे एक उत्तर आहे. ते मी दोन बंदरांत उभं राहून पाहिलेलं आहे. मी मालवाहू जहाजांवर इंजिनिअर होतो, आता निवृत्त आहे. थोडं लांबेल, सांभाळून घ्या.

1998 चा मे महिना. आमचं जहाज चिलीतल्या वालपराइसोला लागलं होतं आणि 21 तारखेला मला किनाऱ्यावर जायची परवानगी मिळाली. सोतोमायोर चौकात पोचलो तर नौसैनिकांच्या रांगा, बँड, आणि लोकांची ही गर्दी. मधोमध इकिकेच्या वीरांचं स्मारक, त्याच्या खाली तळघरात आर्तुरो प्रातची समाधी. मी आमच्या एजंटला विचारलं, "कोणता विजय?" तो म्हणाला, "विजय नाही. आमचं जहाज बुडालं तो दिवस."

मला वाटलं, स्पॅनिश समजण्यात माझीच चूक झाली. चूक नव्हती. 1879 मध्ये चिली आणि पेरू यांच्यात युद्ध पेटलं होतं. 21 मेला इकिकेच्या समुद्रात चिलीची 'एस्मेराल्दा' ही जुनी लाकडी कॉर्वेट (लहान युद्धनौका) पेरूच्या 'ऊआस्कार' या युद्धनौकेसमोर सापडली. ऊआस्कार लोखंडी चिलखताचं, फिरत्या बुरुजात दोन जड तोफा असलेलं. मी आयुष्यभर जहाजांच्या पोटात काम केलंय. लाकडी सांगाड्याला लोखंडी नाळेची, म्हणजे जहाजाच्या पुढच्या टोकाची, धडक बसली की आत काय होत असेल, त्याची कल्पनासुद्धा करवत नाही. ऊआस्कारने पहिली धडक दिली तेव्हा कप्तान प्रात तलवार घेऊन शत्रूच्या डेकवर उडी मारून गेला आणि तिथेच पडला. 31 वर्षांचा होता. तिसऱ्या धडकेत एस्मेराल्दा बुडाली. त्याच दिवशी थोडं दक्षिणेला पेरूचं 'इंदिपेन्देन्सिया' हे मोठं चिलखती जहाज पाठलागात खडकावर चढून गेलं, म्हणजे एकूण हिशेबात पेरूचंही मोठं नुकसान झालं. पण चिलीची सुट्टी आहे ती बुडालेल्या जहाजाच्या नावाने.

आता दुसरी बाजू. ऊआस्कारचा कप्तान होता मिगेल ग्राऊ. त्याने पाण्यात पडलेल्या चिलीच्या खलाशांना वर ओढून घेतलं. 2 जूनला त्याने प्रातच्या विधवेला, कार्मेला कार्वाखाल यांना, पत्र लिहिलं आणि सोबत नवऱ्याच्या वस्तू पाठवल्या: तलवार, लग्नाची अंगठी, फोटो. युद्ध चालूच होतं बरं का! चार महिन्यांनी, 8 ऑक्टोबरला, अंगामोसजवळ चिलीच्या जहाजांनी ऊआस्कारला गाठलं. तोफेचा गोळा थेट ग्राऊच्या मनोऱ्यावर बसला. तो गेला आणि जहाज चिलीच्या हाती पडलं.

पेरूची राष्ट्रीय सुट्टी कधी असते? 8 ऑक्टोबरला. तेही हरले तोच दिवस. पुढे एका सफरीत ऑक्टोबरमध्ये आम्ही कायावला होतो. तिथे ग्राऊच्या पुतळ्यापाशी पुष्पचक्रं ठेवली जात होती आणि मला वालपराइसोचा चौक आठवत होता. तीच शिस्त, तीच शांतता.

म्हणजे तुमच्या मुलीला असं सांगा: इथे दोन देश आहेत आणि दोघांनीही सुट्टीसाठी आपला माणूस गेला तो दिवस निवडला. ऊआस्कार अजून तरंगतंय, चिलीतल्या ताल्काउआनो बंदरात. चिलीने ते दोन्ही बाजूंच्या मृतांचं स्मारक म्हणून जपलंय. मी त्या डेकवर चपला काढून उभा होतो. कुणी काढायला सांगितल्या नव्हत्या.

दुर्बीण

काका, सलाम. ही दुसरी सुट्टी मला माहीत नव्हती.

हरलेले दिवस पाळणारे आणखी आहेत. ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडचा 25 एप्रिल हा गॅलिपोलीच्या मोहिमेचा, 1915 चा, आणि ती मोहीम फसली. फिलिपिन्सचा 9 एप्रिल हा 1942 मध्ये बातान द्वीपकल्प जपानी सैन्याच्या हाती पडलं तो दिवस.

कानामात्रा

सगळीकडे असं नसतं, हेही वर्गात यायला हवं. क्रोएशियात 5 ऑगस्ट हा विजयाचा आणि देशाप्रती कृतज्ञतेचा दिवस आहे. 1995 मध्ये 'वादळ' नावाच्या मोहिमेत त्यांनी सर्ब बंडखोरांच्या ताब्यातलं क्निन शहर परत घेतलं. त्याच दिवसांत लाखाहून जास्त सर्ब लोक ट्रॅक्टर आणि गाड्यांत सामान भरून तिथून बाहेर पडले. सर्बियात त्यांच्यासाठी शोकसभा होतात. सीमेच्या अलीकडे झेंडे आणि पलीकडे मेणबत्त्या. तुमच्या मुलीच्या प्रश्नाचं हेही उत्तर आहे, आणि ते लपवू नये असं मला मनापासून वाटतं.

आणि दक्षिण आफ्रिका. तिथे 16 डिसेंबरची सुट्टी 1838 च्या लढाईची होती. त्या दिवशी न्कोमे नदीकाठी बोअर लोकांनी (डच वंशाच्या गोऱ्या वसाहतवाल्यांनी) झुलूंच्या फौजेला हरवलं. इतकं रक्त सांडलं की नदीला रक्तनदी म्हणू लागले. पिढ्यानपिढ्या तो दिवस एका समाजाच्या विजयाचा होता. 1961 मध्ये त्याच तारखेला आफ्रिकन नॅशनल काँग्रेसच्या सशस्त्र शाखेने आपला लढा सुरू केला. वर्णभेदाची राजवट गेल्यावर नव्या सरकारने सुट्टी रद्द केली नाही. तारीख तीच ठेवली आणि 1995 पासून तिला समेटाचा दिवस म्हटलं.

युरोपात तर सुट्टी आली, गेली, परत आली. सोव्हिएत संघात 9 मे हा 1948 पासून पुन्हा कामाचा दिवस झाला होता. सुट्टी परत मिळाली 1965 मध्ये. फ्रान्सने 8 मेची सुट्टी 1959 मध्ये काढून टाकली आणि 1981 मध्ये परत दिली. दुसऱ्या महायुद्धातली जर्मनीची शरणागती एकच, तारखा दोन, कारण बर्लिनमध्ये रात्री उशिरा सह्या झाल्या तेव्हा मॉस्कोत दुसरा दिवस उजाडला होता.

पाटीपेन्सिल

तुम्हा सगळ्यांचे आभार. नांगरकाका, तुमचा प्रतिसाद आज वर्गात जसाच्या तसा वाचला. मुलींनी चिली आणि पेरूच्या टाचण्यांमध्ये लाल दोरा बांधलाय. क्रोएशिया आणि सर्बियामध्ये दोरा बांधायचा का, यावर मधली सुट्टी संपेपर्यंत वाद चालला होता. 16 डिसेंबरला एका टाचणीऐवजी दोन लागल्या, ढाक्यातल्या 1971 च्या शरणागतीची आणि दक्षिण आफ्रिकेची.

त्याच मुलीचा पुढचा प्रश्न आहे: "त्या बाईंनी पत्राला उत्तर दिलं का?"

नांगर

दिलं. 1 ऑगस्ट 1879 ला, वालपराइसोहून. पत्र आणि नवऱ्याच्या वस्तू मिळाल्याचं कळवून तिने ग्राऊचे आभार मानले. त्यानंतर तो दोन महिने आणि एक आठवडा जगला. त्याचे अवशेष चिलीने सांतियागोत सन्मानाने ठेवले होते, 1890 मध्ये ते पेरूला परत गेले. तुमच्या मुलीला सांगा, दोन्ही पत्रं आजही वाचायला मिळतात. स्पॅनिश शिकायची असेल तर तिथून सुरुवात करायला हरकत नाही, मी तशीच केली होती.