फ्लुगब्लाट: पत्रक, हँडबिल की आणखी काही?

रानवारा: म्यूनिकच्या ‘पांढरा गुलाब’ या नाझीविरोधी विद्यार्थी गटावरचा मजकूर मराठीत आणतेय. ‘फ्लुगब्लाट’ या जर्मन शब्दाला ‘पत्रक’ लिहिलं, तर संपादिका म्हणाल्या, सोसायटीची नोटीस वाटते. मूळ अर्थ ‘उडतं पान’. १८ फेब्रुवारी १९४३ ला सोफी शोलने विद्यापीठात वरच्या कठड्यावरून गटाच्या पत्रकांचा गठ्ठा ढकलला, पानं खाली चौकात भिरभिरत गेली. शिपायाने पाहिलं. चौथ्या दिवशी ती, भाऊ हान्स आणि मित्र क्रिस्टोफ प्रोब्स्ट, तिघांनाही गिलोटिन. ते उडणं शब्दात कसं आणू?

शुद्धमती: हस्तपत्रक. हातोहात जातं ते. घडलेला शब्द आहे, वापरला की रुळतो.

कृष्णाकाठ: बोलताना कुणी म्हणतं का हस्तपत्रक? आणि हँडबिल म्हटलं की सर्कस आठवते. आमच्याकडे बेचाळीसच्या चळवळीतले लोक ‘बुलेटिन’ म्हणत. आजी सांगायची, तिची थोरली बहीण घागरीखालच्या चुंबळीत बुलेटिनं घालून न्यायची. सायक्लोस्टाईलची शाई घामाने कपाळावर उतरायची. ताई, बुलेटिन लिहा.

शुद्धमती: बुलेटिन म्हणजे बातम्या. ही तर जर्मन जनतेला घातलेली साद होती.

कृष्णाकाठ: दुसऱ्या पत्रकात पोलंडमधल्या तीन लाख ज्यूंच्या हत्येबद्दल लिहिलंय. १९४२ साली, जर्मनीत बसून! याहून मोठी बातमी कोणती?

रानवारा: हे पटतंय. पण उडणं? सहावं पत्रक तर हिटलरविरोधी जर्मन मोल्टकेंमार्फत ब्रिटनला पोचलं आणि दोस्त राष्ट्रांच्या विमानांनी जर्मनीवर टाकलं. आणखी एक, पाचव्याचा मथळा ‘विडरश्टांड’ चळवळीची पत्रकं असा आहे. प्रतिकार की प्रतिरोध?

शुद्धमती: प्रतिकार. प्रतिरोध हिंदी पुस्तकांतून आलाय.

वाटसरू: दोन्ही संस्कृतच की. प्रतिरोधात अडवून धरणं आहे. प्रतिकार ऐकला की मला डॉक्टरांची प्रतिकारशक्ती आठवते.

कृष्णाकाठ: मग ‘प्रतिसरकार’ही दवाखान्यातलं का? साताऱ्यात त्या ‘प्रति’चंच ‘पत्री’ झालं.

वाटसरू: नाही हो. बैलाला पत्री ठोकतात तशी फितुरांच्या तळव्यांवर मारायचे, म्हणून पत्री सरकार.

कृष्णाकाठ: ते नाव पडल्यावर जोडलेलं. आधी प्रति, मग पत्री. आजीच्या तोंडी दोन्ही होते, पण नाना पाटलांचं नाव घेताना ती ‘प्रतिसरकार’च म्हणायची.

वाटसरू: आमच्या मामांकडे नेमकं उलटं. उद्या त्यांना फोन करून विचारतो.