पद्मिनीचा मूळ क्रीम रंग जुळेना, शेड कुठून घ्यावी?

टिळकवाडी_७८
गाडी १९७८ ची प्रीमियर पद्मिनी. पत्र्याचं काम संपलंय, बाहेरचे पॅनल उघड्या पत्र्यावर आलेत. त्याआधी बेळगावच्या उद्यमबागेत बॉनेटवरून मशीननं शेड काढून अर्धा लिटर रंग करून घेतला. दुकानात ट्यूबखाली तंतोतंत, बाहेर उन्हात हिरवट. आरसीवर नुसतं 'क्रीम' लिहिलंय. शेड कुठून घ्यायची? आणि मारायचं काय, एनसी (थिनर उडून वाळणारा नायट्रोसेल्युलोज रंग) की टू-के पीयू (हार्डनर मिसळून मारायचा पॉलियुरेथेन रंग)?

निपाणीकर
बॉनेटवरून कधीच घेऊ नये. खालून इंजिनची धग, वरून ऊन, आणि बहुतेक गाड्यांचं बॉनेट एकदा तरी परत रंगवलेलं असतं. मशीन समोर आहे तोच रंग वाचतं, कंपनीचा कुठला ते त्याला काय ठाऊक!

दाराचा पॅड काढा, डिकीचं रबर उचला, ग्लोव्ह बॉक्सचं झाकण सोडवून मागची बाजू बघा. तिथंही आधी थर तपासा. ४०० नंबरचा वॉटर पेपर ओला करून रुपयाएवढ्या जागेत गोल घासा, कडेला उतार द्या. खोडाच्या वलयांसारखे थर दिसतात: मधे पत्रा, मग प्रायमर, त्याला लागून असलेला पहिला रंग तो कंपनीचा. प्रायमर, रंग, परत प्रायमर असं दिसलं तर वरचं सगळं नंतरचं. खालचा थर सापडला की २००० नं हलकं घासून कंपाउंड मारा, मगच मशीन टेकवा. मळकट पृष्ठभागावर रीडिंग चुकतंय.

आता क्रीमची खरी गोम. सिंथेटिक इनॅमल (जुना तेलयुक्त रंग) अंधारात पिवळं पडतं, उजेडात त्यातलं बरंच परत फिकं होतं. म्हणून पॅडमागचा रंग मूळपेक्षा पिवळा असू शकतो. सुटं झाकण आठवडाभर उन्हात ठेवा, अर्ध्यावर फॉइल गुंडाळून. फॉइल काढल्यावर दोन्ही भागांत फरक दिसला तर उन्हातल्या भागावरून शेड घ्या.

खानापूर_रोड
ट्यूबखाली जुळतंय आणि उन्हात नाही, म्हणजे टिंटर (शेड बनवायला मिसळतात ते मूळ रंग) वेगळे पडलेत. एकाच क्रीमला दोन-तीन वेगवेगळ्या पिवळ्यांनी पोचता येतं, पण उजेड बदलला की ते वेगळे दिसतात. हिरवट झाक बहुधा लिंबू-पिवळ्याची, नाहीतर काळा टिंटर जास्त पडल्याची. पांढरा, ऑक्साइड यलो आणि किंचित ऑक्साइड रेड एवढ्यावर शेड बसवून बघायला सांगा. टिंटर जितके कमी तितकं बरं.

डब्यातला ओला रंग बघून होय म्हणू नका, वाळल्यावर शेड बदलते. काळे-पांढरे पट्टे असलेल्या कार्डावर गननं मारा, पट्टे पूर्ण झाकेपर्यंत. वाळलं की कार्ड मूळ रंगाला चिकटवून सकाळी दहा-अकराला सावलीत बघा, मग उन्हात, मग ट्यूबखाली. तिन्हीकडं जुळलं तरच पुढं. खाली रेड ऑक्साइड प्रायमर असेल तर क्रीम गुलाबी मारतं, म्हणून सरफेसर (प्रायमरवरचा, घासून सपाट करायचा थर) फिकट राखाडी किंवा पांढरा घ्या.

टिळकवाडी_७८
लै उपकार. दारांच्या आतल्या कडा मात्र जुन्याच ठेवायच्यात. त्यावर टू-के चालेल?

निपाणीकर
आधी एनसी थिनरचा बोळा अर्धा मिनिट दाबून धरा. रंग विरघळून बोळ्याला आला तर एनसी, सुरकुतला तर सिंथेटिक, काहीच झालं नाही तर कुणीतरी आधीच टू-के मारलाय. पहिल्या दोन्हींवर टू-के थेट ओतला की खालचा थर उचलतो. कडा खरवडूनच काढा की, तेवढं काम वाचवून पुढं पस्तावाल.

उघड्या पत्र्यावर इपॉक्सी प्रायमर, मग टू-के सरफेसर, ६०० नं घासून पीयू सॉलिडचे तीन हात, १.३ किंवा १.४ चं नोझल. हार्डनरचं प्रमाण डब्यावर असेल तेच, अंदाजपंचे नको. वरून क्लिअर (पारदर्शक थर) मारू नका, जुनी गाडी प्लास्टिकच्या खेळण्यासारखी दिसते. १५०० आणि २००० नं घासून पॉलिश केलं की जुन्या रंगाची मऊ चमक येते. हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतं, कापडी रुमाल कामाचा नाही. बाहेरून हवा पुरवणारा मास्क पाहिजे.

रंग आत-बाहेर मिळून साधारण ३ लिटर धरा आणि सगळा एकाच वेळी एका भांड्यात ढवळून घ्या. दोन खेपांत केला तर दार आणि मडगार्ड वेगळे दिसणारच.

खानापूर_रोड
एनसीचा हट्ट असेल तर दिवाळीनंतरच. आपल्याकडच्या पावसाळ्यात थिनर उडताना पृष्ठभाग गार पडतो, हवेतलं पाणी त्यावर बसतं आणि पांढरी धुरी येते. रिटार्डर (सावकाश उडणारं थिनर) घालून थोडं निभावतं, पण धो-धो पावसात त्याचाही उपयोग नाही.