शब्दचर्चा: ‘समाजवादी’मधला ‘वादी’ काय करतो?

राजवाड्याची मावशी:
भाची एमपीपीएससीची, म्हणजे मध्य प्रदेशच्या लोकसेवा परीक्षेची तयारी करून राहिलीय, भंवरकुआंला क्लास, रविवारी आमच्याकडे पोहे खायला येते. परवा पोह्यांवर शेव घालता घालता विचारते, मावशी, चीन समाजवादी का भांडवलशाही? टेस्टमध्ये आलं होतं. मी म्हटलं समाजवादी, त्यांच्या राज्यघटनेतच लिहिलंय. तर म्हणते, मग शांघायला १९९० पासून शेअर बाजार कसा चालू आहे, आणि एवढे अब्जाधीश कुठून आले? मी गप्प, जिलबी पुढे सरकवली. आता अर्थशास्त्र राहू द्या, मला शब्दाचं सांगा. बाजार आल्यावर ‘समाजवादी’ हा शब्द खोटा पडतो का?

जीरावण:
मावशी, नाव टिकतं, वस्तू बदलते, एवढं सोपं आहे. आपल्या इंदूरच्या राजवाड्यात आज कोणता राजा राहतो? तरी रिक्षावाला ‘राजवाडा, राजवाडा’ ओरडतोच ना. चीनचे नेते तेंग श्याओफिंगनी १९७८ पासून बाजाराचं दार उघडलं, पाटी तीच ठेवली. संपला विषय.

मास्तर (निवृत्त):
नाही संपला. जीरावण, तुम्ही विशेषनामाची आणि विशेषणाची खिचडी केलीत. राजवाडा आता विशेषनाम झालंय, त्याला राजा लागत नाही. ‘समाजवादी’ हे विशेषण आहे, आणि विशेषणाला आपण विचारू शकतो की बाबा तुझं काम तू करतोयस का.

पण ते काम काय आहे तेच आपण चुकीचं धरतो. ‘वादी’ बघा. आशावादी माणसाची आशा पुरी झालेली असते का? नाही, तो आशा धरून बसलेला असतो. म्हणजे ‘वादी’ स्थिती सांगत नाही, भूमिका सांगतो. ‘समाजवादी राज्य’ याचा शब्दशः अर्थ इतकाच की हे राज्य समाजवाद मानतं, तो तिथे आलाय असं नाही. चिनी शब्दातही तेच आहे, शेहुई म्हणजे समाज आणि झूयी म्हणजे वाद, मत. आणि त्यांच्याच पक्षाने १९८७ साली सांगून टाकलं की आपण समाजवादाच्या प्राथमिक टप्प्यात आहोत. १९९३ ला घटनेत ‘समाजवादी बाजार अर्थव्यवस्था’ घातली. माझ्या वडिलांच्या पिढीत मराठीत ‘समाजसत्तावाद’ असा लांबलचक शब्द चालायचा, तो गेला याचं मला अजून वाईट वाटतं, कारण त्यात ‘सत्ता’ होती आणि ती ऐकली की प्रश्न आपोआप पडायचा की सत्ता कोणाची, मालकी कोणाची. ‘समाजवाद’ ऐकून तो पडत नाही, कानाला नुसतं चांगलं वाटतं.

व्हिएतनामवाले जास्त प्रामाणिक म्हणायला पाहिजेत. देशाच्या नावात १९७६ पासून ‘समाजवादी’ आहे, १९८६ ला दोई मोई म्हणजे नूतनीकरण सुरू केलं, आणि आपल्या व्यवस्थेला म्हणतात ‘समाजवादाभिमुख बाजार अर्थव्यवस्था’. अभिमुख! पूर्वाभिमुख घर पूर्वेकडे चालत जात नाही, मावशी, फक्त तोंड तिकडे करून बसतं.

जीरावण:
मास्तर, हे घर भारी होतं 😀 पण मग भूमिका तरी खरी आहे का हे कसं ओळखायचं? चहा सोडणार, सोडणार म्हणत रोज चार कप पिणाऱ्या माणसाला चहाविरोधी म्हणाल?

मास्तर (निवृत्त):
मालकी बघायची. चीनमध्ये शहरातली जमीन सरकारची, गावातली सामूहिक, फ्लॅट घेतला तरी राहायच्या जमिनीचा वापर हक्क ७० वर्षांचाच. मोठ्या बँका सरकारी. हे सगळं भांडवलशाहीत बसत नाही.

जीरावण:
आमच्या कॉलनीतले प्लॉट पण लीजवर आहेत, इंदूर समाजवादी झालं का मग?

मास्तर (निवृत्त):
बरोबर पकडलंत, म्हणून नुसती मालकी पुरत नाही. सरकारची मालकी म्हणजे समाजाची मालकी हे आधी कुणीतरी सिद्ध करायला पाहिजे. चीनच्या १९८२ च्या घटनेतून संपाचा हक्क काढला, सरकारी पक्षाबाहेरची कामगार संघटना चालत नाही. कामगाराचं राज्य म्हणायचं आणि कामगाराला संप करू द्यायचा नाही, इथे माझी जीभ अडखळते. मी त्याला ‘राज्यसत्तावादी’ म्हणेन. हा शब्द माझा, कोशात शोधू नका.

काळा कोट:
उशिरा आले, पण आमच्या कोर्टात ‘वादी’ म्हणजे दावा लावणारा, निकाल तो देत नाही 😀 ते असो. आपल्याकडचं बघा की. १९४८ ला संविधान सभेतल्या के. टी. शहांनी घटनेत हा शब्द घाला म्हटलं, आंबेडकरांनी विरोध केला, म्हणाले समाजाने आपली आर्थिक रचना कशी ठेवायची ते पुढच्या लोकांना ठरवू द्या. मग १९७६ च्या ४२ व्या दुरुस्तीने तो उद्देशिकेत आलाच. १९९१ च्या सुधारणांनंतरही तिथेच. १९८९ पासून तर पक्ष नोंदवायचा असेल तर समाजवादाशी निष्ठा लिहून द्यावी लागते, बाजाराच्या बाजूचे पक्षही मुकाट्याने देतात. आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये सुप्रीम कोर्टाने तो शब्द काढण्याच्या याचिका फेटाळताना सांगितलं की इथे समाजवादी म्हणजे कल्याणकारी राज्य, खाजगी धंद्याला त्यात मनाई नाही. म्हणजे कोर्टाने शब्दाचा अर्थच पातळ केला. मला ते चालतं, पण मग चीनला हसायचा हक्क आपल्याला उरत नाही.

मास्तर (निवृत्त):
पातळ नाही हो, वेगळा केला. उद्देशिकेतल्याच ‘सेक्युलर’ला हिंदीत ‘पंथनिरपेक्ष’, मराठीत ‘धर्मनिरपेक्ष’, त्यावर लोक तास तास भांडतात, आणि शेजारच्या ‘समाजवादी’कडे कुणी बघत नाही कारण दोन्ही भाषांत तो सारखाच.

राजवाड्याची मावशी:
भाचीला सगळं वाचून दाखवलं. म्हणाली, मास्तरांचं ‘अभिमुख’ पटलं पण ऑप्शनमध्ये नव्हतं, चार मार्कांचा प्रश्न होता, मी ‘समाजवादी’वर टिक केलं आणि पुढे गेले. मग म्हणे, ‘साम्यवादी’ आणि ‘समाजवादी’ यात फरक काय. तो पुढच्या रविवारी, आज शेव संपलीय.