अनुभव धागा: लेकरं घेऊन परदेशी गेलात का? काय झालं ते सांगा

धागाकर्ती, छत्रपती संभाजीनगर

पुण्या-मुंबईकडच्यांचे सल्ले वाचून मी वैतागले. 'विमानाच्या चार तास आधी घर सोडा' म्हणे! आपण आदल्या रात्रीच देवगिरी एक्स्प्रेसला बसलेलो असतो. विमानात पाय ठेवेपर्यंत लेकरांची एक रात्र आधीच गेलेली असते. म्हणून हा धागा आपल्या मराठवाड्याकडच्यांसाठी. याद्या नकोत. काय झालं, काय फसलं, तेवढं लिहा.

सुरुवात मी करते. दिवाळीच्या सुट्टीत सिंगापूरला गेलो. पोरगा सात वर्षांचा, पोरगी तीनची. तिथल्या मेट्रोत खायला-प्यायला बंदी, ५०० डॉलरपर्यंत दंड, तशी पाटीच लावलेली. आणि आमच्या बाईसाहेबांनी माझ्या पर्समधून राजगिऱ्याचा लाडू काढला. मी तो हिसकावला, तिनं असा सूर लावला की सगळा डबा मोबाइल सोडून आमच्याकडं बघायला लागला. पुढच्या स्टेशनला उतरलो. फलाटावरही खाता येत नाही, म्हणून गेटाबाहेर आलो, लाडू संपवला आणि पुन्हा आत शिरलो. त्या लाडवाची किंमत मी अजून नवऱ्याला सांगितलेली नाही.

दुसरी गोष्ट गाडीची. ॲपवरून खासगी गाडी बोलावली, चालकानं काच खाली करून लेकरांकडं बघितलं आणि मान हलवली. तिथं १.३५ मीटरपेक्षा कमी उंचीच्या लेकराला गाडीत वेगळी सीट किंवा बूस्टर लागतो. रस्त्यावरच्या साध्या टॅक्सीला मात्र यातून सूट आहे. हे आम्हाला भर पावसात, अर्धा तास उभं राहिल्यावर एका मावशींनी सांगितलं.

औशाचा बाप (जि. लातूर)

आमची दुबई विमानतळावर नाही, ग्रामपंचायतीत अडकली होती. लेकीचा जन्म आजोळचा. दाखला काढला तर नावाच्या रकान्यात नुसती रेघ. नोंद बारशाच्या आधीची, नंतर नाव घालायला कुणी गेलंच नाही. सासरे म्हणायचे, "समद्या गावाला ठाव हाय की तिचं नाव!" गावाला ठाऊक आहे, पासपोर्टवाल्यांना नाही. त्यात दाखल्यावर बायकोचं नाव माहेरचं, आधारवर सासरचं. दोन्ही दुरुस्त करून घेण्यात चार महिने गेले.

ज्यांची लेकरं १ ऑक्टोबर २०२३ला किंवा त्यानंतर जन्मली, त्यांनी हे आधी उरका. त्यांच्या जन्मतारखेला पासपोर्टसाठी जन्माचा दाखलाच लागतो, दुसरं काही चालत नाही. आणि पंधराच्या आतल्या लेकराचा पासपोर्ट पाचच वर्षांचा मिळतो, हेही ध्यानात ठेवा. आमच्या भावानं स्वतःच्या दहा वर्षांच्या हिशेबात पोराचा उघडून बघितलाच नाही.

आता अनारसे. माझ्या मायनं दोन दिवस खपून डबा भरला, नातीला तिकडं खायला. लातूर एक्स्प्रेसमध्ये समोरच्या बर्थवर दुबईत नोकरी केलेले एक काका भेटले. डबा उघडून त्यांच्यापुढं धरला तर ते दचकले. "खसखस हाय का यावर? आवं, तिकडं खसखशीला बंदी हाय, अमली पदार्थात धरतात!" खरं निघालं. अख्खा डबा विमानतळावर सोडणाऱ्या टॅक्सीवाल्याला दिला. मायला फोनवर सांगितलं, नातीनं सगळे खाल्ले.

नांदेडची सून

मी एकटी गेले होते, चौदा महिन्यांचं लेकरू घेऊन. नवरा कामासाठी जर्मनीत, मी तीन महिन्यांच्या व्हिसावर. सहा वर्षांखालच्या लेकराला शेंगेन व्हिसाची फी नसते आणि बाराच्या आत बोटांचे ठसे घेत नाहीत, एवढंच काय ते सोपं. अर्जावर आईबाप दोघांच्या सह्या हव्या, आणि बाप तिकडं. संमतीपत्र तिकडून मागवेपर्यंत हातातली तारीख गेली, नवी मिळायला तीन आठवडे लागले. एकटीनं जाणाऱ्यांनी बापाचं संमतीपत्र सगळ्यात आधी करून ठेवावं. इमिग्रेशनला मला कुणी विचारलं नाही, पण हातात कागद असला की छातीत धडधडत नाही.

नांदेडहून मुंबईपेक्षा हैदराबाद बरं. देगलूरवरून संगारेड्डीचा रस्ता धरायचा, पुढं रिंग रोडनं थेट शमशाबादचं विमानतळ. सासरे सोडायला आले होते. विमान मध्यरात्रीनंतरचं. सासूबाईंनी वाटेत देगलूरच्या पुढं गाडी थांबवून लेकराची दृष्ट काढली, मीठ-मोहरी घरूनच आणली होती.

विमानात पुढच्या भिंतीला अडकवतात तो पाळणा मिळाला होता. फोटोत काय छान दिसतो! तो उडताना आणि उतरताना नसतोच. तेव्हा लेकरू मांडीवर, आपल्या पट्ट्यात अडकवलेल्या छोट्या पट्ट्यानं बांधलेलं. दीड तास थोपटून निजवलं, पाळण्यात ठेवलं, आणि विमान हललं. पट्ट्याचा दिवा लागला की पाळण्यातून काढून मांडीवर घ्यावंच लागतं. असं चार वेळा झालं. चौथ्यांदा मीच रडले. पलीकडच्या सीटवरच्या तेलुगू आजींनी न विचारता लेकरू उचललं, खांद्यावर टाकलं आणि मला हातानं खूण केली, झोप. भाषा एकमेकींची येत नव्हती. पाऊण तास झोपले मी. त्या आजी मला आईच्या जागी आहेत.

उतरताना कान दुखतात म्हणून सगळे सांगतात दूध पाजा. मी उतरायच्या खूप आधीच पाजून बसले, आणि ऐन वेळी त्याचं पोट भरलेलं. तोंड उघडेना. मग बोटावर मध लावलं तसं गुळाचं पाणी लावलं, ते चोखत बसला.

पोचलो रविवारी. जर्मनीत रविवारी दुकानं बंद असतात, दुधाची पावडर संपत आलेली. नवरा म्हणाला उद्या आणू. लेकराला उद्या कळतं का? शेवटी मोठ्या रेल्वे स्टेशनवरचं दुकान उघडं असतं म्हणून तिथून आणली. रात्री अडीचला लेकरू टक्क जागं. उन्हाळ्यात साडेतीन तासांचा फरक, म्हणजे नांदेडात सकाळचे सहा! आमचं दूध येण्याची वेळ. पहिले पाच दिवस अडीचला उठून आम्ही तिघं मेतकूट-भात खात बसायचो. खालच्या मजल्यावरच्या बाईनं दाराला चिठ्ठी लावली होती, रात्री दहानंतर शांतता पाळावी. नवऱ्यानं मला तिचा अर्थ नीट सांगितलाच नाही, मी घरी येऊन लावला.

आंबेजोगाईचा मास्तर

सगळ्यांचा राग पत्करून लिहितो. तीन-चार वर्षांच्या लेकराला यातलं काय आठवणार? तेवढ्या पैशात आजोबांच्या शेतात महिनाभर राहतील. बायकोचं मत वेगळं आहे, म्हणून यंदा व्हिएतनामचं बघायला लागलोय.

बीडकर

मास्तर, लेकराला आठवत नसेल, मला आठवतं. बँकॉकला तिसऱ्या रात्री पाच वर्षांच्या पोराला १०२ ताप. पॅरासिटामॉलचं सिरप होतं जवळ, पण ते घाईत विमानतळावर घेतलेलं. घरी आम्ही वापरतो ते पाच मिलीत १२० मिलिग्रॅमचं, हे निघालं २५०चं. आपल्याकडं दोन्ही ताकदीची बाटली मिळते, रंग जवळपास सारखा. अर्धझोपेत बायकोनं नेहमीचंच माप भरलं होतं, लेबल बघितलं म्हणून वाचलो. आता बालरोगतज्ज्ञांकडून वजनाप्रमाणे डोस कागदावर लिहून घेतो आणि बाटलीलाच रबरानं बांधतो. नेहमीचीच बाटली, घरूनच.

दवाखान्यात गेलो तर आधी पैसे मागितले. विमा होता, पण विमावाल्यांच्या नंबरावर आधी फोन करायचा असतो हे मला बिल भरल्यावर कळलं. पैसे परत मिळाले, दोन महिन्यांनी, तेही प्रत्येक चिठ्ठी जपून ठेवली म्हणून. उरलेले तीन दिवस हॉटेलच्या खोलीत साप-शिडी खेळलो. हत्ती बघायचा राहिला. पोरगं अजून विचारतं.

हिंगोलीचे चौघे

आम्ही नेपाळ केलं. आपल्याला तिकडं पासपोर्ट लागत नाही, माझं आणि बायकोचं मतदार ओळखपत्र चाललं. गोरखपूरपर्यंत रेल्वे, सुनौलीहून पायी सीमा ओलांडली. नेपाळचं घड्याळ आपल्यापेक्षा पंधरा मिनिटं पुढं. एवढ्या एका गोष्टीवर मोठीनं आठ दिवस सगळ्यांना पिडलं, "भारतात आता किती वाजले?" पोखऱ्याला धाकटा आजारी नाही पडला, नुसता हट्टाला पेटला, एवढंच.

परभणीची आजी (सून टाइप करून देत आहे)

मी सुनेबरोबर आणि चार वर्षांच्या नातवाबरोबर मेलबर्नला लेकीकडं गेले. तिथं उतरायच्या आधी कागद भरावा लागतो, खायचं काय आणलं ते. सुनेनं सगळ्यावर 'हो' लिहिलं: शेंगदाण्याची चटणी, लोणचं, आमटीला लावायचं येसर. मी पदराच्या गाठीत तुळशीच्या मंजिऱ्या बांधल्या होत्या, लेकीच्या अंगणात लावायला. ते काही सांगितलं नाही. पदरात कोण बघतंय! साहेबानं बॅग उघडली, चटणीचा वास घेतला, हसला. तेवढ्यात आमचा पोपट इंग्रजीत बोलला, आजीच्या साडीत बिया आहेत म्हणून. अंगणवाडीला इंग्रजी शिकवलं त्याचं फळ! मंजिऱ्या गेल्या. आपणहून सांगितलं म्हणून दंड नाही झाला. सांगितलं पोरानं, पण ते त्यांना कोण समजावणार.

धागाकर्ती

आजी, आणि येसर?

परभणीची आजी

येसर सोडलं. साहेबानं विचारलं हे काय, सून म्हणाली 'सूप पावडर'. तिकडच्या थंडीत रोज आमटी केली. जावयानं जाताना अर्धा डबा ठेवून घेतला.