मदत हवी आहे : क्लॅमिडिया आयजीजी पॉझिटिव्ह, आता पुढं काय?

नमस्कार मंडळी. आम्ही सांगलीत विश्रामबागला राहतो. लग्नाला चार वर्षं झाली, मूल नाही म्हणून तपासण्या चालू आहेत. एचएसजीत (गर्भाशय आणि बीजनलिकांचा एक्स-रे) डावी नळी बंद दिसली. मग क्लॅमिडियासाठी (शरीरसंबंधातून पसरणारा जिवाणूंचा संसर्ग) रक्तातल्या अँटीबॉडीज तपासल्या : आयजीजी पॉझिटिव्ह, आयजीएम निगेटिव्ह. रिपोर्टवर ते ठळक अक्षरात छापलेलं बघून सासूबाईंनी हातातला चहाच खाली ठेवला.

माझी बहीण मिरजेत नर्स आहे. ती म्हणते, आयजीजी वर्षानुवर्षं रक्तात राहतं. संसर्ग आत्ताचा की जुना, हे त्यावरून कळत नाही. न्यूमोनिया करणाऱ्या दुसऱ्या जातीच्या क्लॅमिडियामुळंही कधी कधी पॉझिटिव्ह येतं. नळ्यांना पूर्वी इजा झाली असावी, एवढा अंदाज फार तर बांधता येतो. आत्ताचा संसर्ग बघायला स्वॅबची किंवा लघवीच्या पहिल्या धारेची पीसीआर (जंतूचा डीएनए शोधणारी तपासणी) हवी. मला पटतंय. पण डॉक्टरांनी दोघांनाही थेट डॉक्सीसायक्लिन हे अँटिबायोटिक लिहून दिलंय, 100 मिलिग्रॅम, दिवसातून दोनदा, 7 दिवस.

सांगली-मिरजेत ही पीसीआर कुठं होते, की सॅम्पल पुण्या-मुंबईला जातं? गोळ्या सुरू करायच्या आधीच द्यावं ना? नळीसाठी लॅप्रोस्कोपी (दुर्बिणीतून ऑपरेशन) केलेल्या कुणी ताई असतील तर अनुभव सांगा.

आणि 'कुणाकडून आलं' हा प्रश्न कृपया नको. तो घरात पुरेसा झालाय.